मॉडेल रॉकेट बांधा, उडवा आणि तेच पुन्हा उडवा

मॉडेल रॉकेटच्या किटमध्ये एकच गोष्ट आपण बनवायची नसते: मोटर, म्हणजे रॉकेट वर ढकलणारी इंधनभरली नळी. बाकी सगळं, म्हणजे कागदी नळी, बाल्सा या हलक्या लाकडाचे फिन (शेपटीचे पंख), नोज कोन (टोकदार नाक), पॅराशूट, आपल्याच हाताने जोडायचं. हा छंद उभा राहिला तो याच विभागणीवर. 1954 साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या बूट विकणाऱ्या गृहस्थाने हलकं कागदी रॉकेट आणि त्याची छोटी मोटर तयार केली. त्याला शोभेच्या दारूकामाचा नाद होता आणि भाऊ रॉबर्ट याला मॉडेल विमानांचा. 1957 साली ऑर्व्हिलने हे रॉकेट हॅरी स्टाइनकडे पाठवलं. स्टाइनने व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेलं होतं आणि घरी धातूच्या नळीत दारू ठासणारी पोरं कशी जखमी होतात, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि अशा पोरांची संख्या एकदम वाढली. स्टाइनने कार्लाइलची कल्पना उचलून धरली, सुरक्षेचे नियम लिहिले, आणि पाठोपाठ व्हर्न एस्टेसने मोटरी भराभर भरणारं यंत्र बनवलं. आजची किटं त्याच वंशातली.

म्हणून आधी दोन गोष्टी पक्क्या. मोटर कारखान्यातून आलेली, सीलबंद, एकदाच वापरायची. ती फोडायची नाही, तिच्यात काही भरायचं नाही, घरी करून बघायची नाही. आणि रॉकेटच्या अंगात धातूचा भाग जवळजवळ नसतो. कागद, हलकं लाकूड, प्लॅस्टिक एवढंच. शिवाय मोटरी विकत घेणं, बाळगणं आणि उडवणं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी वयाची अट असते, आणि विमानाच्या सामानात मोटर नेता येत नाही. पैसे खर्च करायच्या आधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

आता खरी गोम. रॉकेट वर जाणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. मोटर चांगली असली आणि फिन बरे बसले की ते वर जातंच. परत धड येणं अवघड. जोडणीच्या वेळी प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: याने परतीचा प्रवास बिघडेल का? पुढे ज्या गोष्टींवर मी फार वेळ घालवलाय, त्या सगळ्या या प्रश्नातून आलेल्या आहेत.

कोणतं किट घ्यावं

पहिल्यासाठी 30 ते 45 सेंटिमीटर लांबीचं, साधारण 25 मिलिमीटर जाडीच्या नळीचं, तीन किंवा चार फिनचं, 18 मिलिमीटर व्यासाच्या मोटरवर उडणारं किट घ्या. फिन बाल्साचे असले तर उत्तम. प्लॅस्टिकचे तयार फिन असलेली किटं अर्ध्या तासात जोडून होतात, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही. दोन टप्प्यांची, क्षेपणास्त्राची हुबेहूब प्रतिकृती असलेली, शेपटीला दहा नळ्या लटकवलेली किटं पाकिटावर फार देखणी दिसतात. ती नंतर.

किटच्या डब्यात बहुधा फक्त रॉकेट असतं. मोटरी, इग्नायटर (मोटर पेटवणारी तार), वॅडिंग (पॅराशूट जळू न देणारे कागद), लाँच पॅड (रॉकेट उभं करायचा स्टँड) आणि कंट्रोलर (लांबून बटण दाबून ते उडवायची बॅटरीची पेटी) वेगळे घ्यावे लागतात. नवख्यांसाठीच्या संचात पॅड आणि कंट्रोलर एकत्र मिळतात, तेच घेणं सोयीचं.

मोटरवर काय लिहिलेलं असतं

मोटरवर ए8-3, बी6-4, सी6-5 असं काहीतरी छापलेलं असतं. यातलं अक्षर सांगतं मोटरचा एकूण जोर, म्हणजे किती बल किती वेळ मिळणार याचा गुणाकार. तो न्यूटन-सेकंदात मोजतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. ए मोटर 2.5 न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी 5 पर्यंत, सी 10 पर्यंत, डी 20 पर्यंत. पहिला आकडा म्हणजे सरासरी बल, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारा बार होईपर्यंतचे सेकंद.

हा शेवटचा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि परत येण्याचं गणित नेमकं त्याच्यात आहे. इंधन जळून संपतं तेव्हा रॉकेट जोरात वर चाललेलं असतं. त्यानंतर मोटरच्या आत सावकाश जळणारा, धूर सोडणारा थर पेटतो. त्या वेळात रॉकेट वेग गमावत माथ्यापाशी पोचतं, आणि मग पुढच्या बाजूला छोटा बार होऊन नोज कोन आणि पॅराशूट बाहेर फेकले जातात. आकडा फार लहान घेतला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडतं. दोर नळीची कड चिरत खाली येतो किंवा पॅराशूटच फाटतं. फार मोठा घेतला तर रॉकेट माथा ओलांडून नाक खाली करून येतं आणि बार जमिनीजवळ होतो. शेवटी 0 लिहिलेल्या मोटरीत हा थर आणि बार नसतोच. त्या दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असतात. एकट्या रॉकेटात चुकूनही घालू नका.

किटच्या पाकिटावर कोणत्या मोटरी चालतील याची यादी असते. पहिल्या उड्डाणासाठी त्यातली सगळ्यात लहान घ्या. कारण पुढे मैदानाच्या हिशेबात येईल.

जोडणी: मोटर माउंट

हाताशी हवं: धारदार कटर, स्टीलची पट्टी, पेन्सिल, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि लाकूडकामाचा पांढरा गोंद. झटपट चिकटणारा सुपरग्लू कागद आणि बाल्साच्या सांध्याला टाळा. तो ठिसूळ होतो, आणि फिन वाकडा लागला तर सरळ करायला वेळच देत नाही.

सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा आणि गोंद न लावता सगळे भाग एकदा एकमेकांत बसवून बघा.

मोटर माउंट म्हणजे मोटर धरून ठेवणारी आतली छोटी नळी. तिच्या पुढच्या टोकाला एक जाड कागदी कडं असतं, थ्रस्ट रिंग. मोटर पुढे रेटते ती या कड्याला, त्यामुळे ते निसटलं तर जळती मोटर नळीतून आरपार जाऊन पॅराशूट पेटवते. बाहेरून एक पत्र्याचा हूक असतो जो मोटर मागे घसरू देत नाही. बाराच्या वेळी मोटरच मागे फेकली गेली तर नोज कोन जागचा हलणार नाही, म्हणून हूकही तितकाच महत्त्वाचा. त्याच्यावर टेपचा किंवा कागदी कड्याचा वेढा घट्ट हवा, पण हूक बोटाने उचलता आला पाहिजे.

हा माउंट मोठ्या नळीत सरकवताना एकच धोका असतो. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागद ते पितो, फुगतो, आणि माउंट मधेच अडकून बसतो. तो तिथून मग हलत नाही. म्हणून नळीच्या आत किती खोल जायचं याची खूण आधी माउंटवर करा. काडीने नळीच्या आत गोंदाचं एक कडं लावा, आणि माउंट न थांबता, एका दमात खुणेपर्यंत ढकला. मोटर बसवल्यावर तिचं शेपूट साधारण 6 मिलिमीटर बाहेर दिसायला हवं. नळी उभी ठेवून वाळू द्या, म्हणजे गोंद कड्याभोवती सारखा बसेल.

फिन: इथे घाई नको

बाल्साच्या पट्टीत रेषा दिसतात. त्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. लेझरने कापलेल्या किटमध्ये हे आधीच केलेलं असतं. स्वतः कापत असाल तर बघून कापा; रेषा नळीला समांतर गेल्या तर पहिल्याच उतरण्यात फिन मोडतो.

सगळे फिन एकावर एक ठेवून, एकत्र धरून कडा पॉलिश पेपरने घासा, म्हणजे ते तंतोतंत सारखे होतात. मग एकेक घेऊन पुढची कड गोलसर आणि मागची कड पातळ करा. नळीला चिकटणारी कड मात्र चौकोनीच राहू द्या.

नळीवर खुणा करायला कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, जिथे मिळते तिथे खूण करा, पट्टी उलगडा आणि तीन भाग करा. 24.8 मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परीघ 78 मिलिमीटरच्या जवळपास येतो, म्हणजे तीन फिनसाठी दर 26 मिलिमीटरला एक खूण. पट्टी पुन्हा गुंडाळून खुणा नळीवर उतरवा. उभी सरळ रेष ओढायची तर नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात दाबून धरा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल फिरवा. पट्टी गोल नळीवर घसरते, चौकट घसरत नाही.

आता चिकटवणं. फिनच्या कडेला गोंदाचा अगदी पातळ थर द्या, नळीवरच्या रेषेवर दाबा आणि लगेच काढून घ्या. दोन्हीकडे गोंदाची ओली रेघ उमटते. ती मिनिटभर किंचित चिकट होऊ द्या. मग पुन्हा एक पातळ थर, पुन्हा त्याच जागी दाबा, आणि या वेळी हलवू नका. अर्ध्या मिनिटात तो स्वतःचा भार धरतो. हा दुहेरी सांधा नंतर तुटतो तेव्हा गोंद सुटत नाही, कागदाचा थर निघून येतो. सांध्याची ताकद किती ते यातून कळतं.

रॉकेट उचलून शेपटीकडून सरळ बघा. तीन फिन असतील तर सारख्या अंतरावर तीन रेघा दिसल्या पाहिजेत, आणि प्रत्येक फिन नळीच्या मध्यातून निघाल्यासारखा. एखादा किंचित कलला असेल तर आत्ता सरळ करा. सगळे फिन एकाच दिशेला वळलेले असले तर रॉकेट फिरत जातं, त्याने फार बिघडत नाही, थोडी उंची जाते. एकच वळलेला असला तर रॉकेट एका बाजूला वाकतं, आणि ते मात्र धोक्याचं.

पूर्ण वाळल्यावर फिन आणि नळीच्या कोनात गोंदाची छोटी गोलसर भर घाला. रॉकेट आडवं ठेवा, दोन फिन वर येतील असं. त्यांच्या मधल्या दोन कोनांत गोंद ओढा, ओल्या बोटाने एकदा सारखा करा, वाळू द्या, मग रॉकेट फिरवा. एकाच वेळी सगळे कोन भरले की गोंद ओघळतो. पांढरा गोंद वाळताना आकसतो, म्हणून दोन-तीन पातळ हात लागतात. फिन उडताना क्वचितच सुटतो. सुटतो तो जमिनीवर आदळताना, आणि तेव्हा ही भरच त्याला वाचवते.

लाँच लग, म्हणजे लाँच रॉडवरून (पॅडवरच्या उभ्या सळईवरून) सरकणारी बारीक नळी, दोन फिनच्या बरोबर मधे, रॉकेटच्या तोल-बिंदूच्या जवळपास चिकटवा. ती नळीला समांतर हवी. तिच्या आत गोंदाचा थेंब किंवा रंग जाऊ देऊ नका, नाहीतर रॉकेट रॉडवरच अडकेल.

दोर आणि रंग

शॉक कॉर्ड नोज कोनला नळीशी बांधून ठेवते. किटमध्ये येणारी कॉर्ड बऱ्याचदा तोकडी असते; ती रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी. तोकडी असली की बारानंतर नोज कोन ताणून परत येतो आणि नळीच्या तोंडावर आपटतो. तिचं टोक कागदाच्या तीन घड्यांत गोंदाने पक्कं करून ती घडी नळीच्या आत चिकटवतात. नोज कोनचा आत जाणारा गळा जिथे संपतो त्याच्याही खाली चिकटवा, नाहीतर नोज कोन नीट बसणारच नाही. घडी सपाट दाबा, नाहीतर पॅराशूट तिला अडकतं.

रंग हा ज्याच्या त्याच्या हौसेचा विषय, पण दोन सूचना. बाल्साला आधी सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) लावून घासा, नाहीतर लाकडाच्या रेषा रंगातून डोकावत राहतात. आणि हिरवा किंवा मातकट रंग टाळा. गवतात उतरलेलं तसलं रॉकेट शोधायला अर्धी दुपार जाते. भडक नारिंगी लांबून दिसतं. नोज कोनच्या गळ्यावर रंग बसू देऊ नका.

नोज कोन किती घट्ट हवा? नोज कोन धरून रॉकेट उचललं तर उचललं गेलं पाहिजे, आणि हलका झटका दिला तर सुटलं पाहिजे. सैल असेल तर गळ्यावर मास्किंग टेपचा एखादा वेढा. घट्ट असेल तर पॉलिश पेपर.

स्थिर आहे का ते घरीच बघा

रॉकेटला दोन बिंदू असतात. एक गुरुत्वमध्य, जिथे ते बोटावर तोललं जातं. दुसरा दाबमध्य, जिथे हवेचा सगळा दाब एकवटल्यासारखा काम करतो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, निदान नळीच्या एका व्यासाएवढा हवा. तसं असलं की रॉकेट जरा डळमळलं तरी फिनवरची हवा त्याला परत सरळ करते. उलट असलं तर ते रॉडवरून सुटताच गिरक्या घेतं. दाबमध्य काढण्याची सूत्रं जेम्स बॅरोमनने 1960च्या दशकात मांडली. आज ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर मापं टाकताच ते काढून देतं.

किट सूचनेप्रमाणे बांधलं असेल तर ते बहुधा स्थिर असतंच. पण फिनला जाड गोंद, शेपटीवर रंगाचे चार थर असा प्रकार झाला असेल तर दोरीची परीक्षा घ्या. मोटर आणि पॅराशूट घालून रॉकेट उड्डाणाच्या तयारीत ठेवा. इग्नायटर मात्र घालू नका. तोल-बिंदूवर दोरी बांधून टेपने पक्की करा, दोन-अडीच मीटर दोर सोडा आणि मोकळ्या जागेत डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा शेपूट पुढे करून फिरलं तर नोज कोनमध्ये थोडी मॉडेलिंग क्ले दाबून वजन वाढवा आणि पुन्हा बघा. ही परीक्षा जरा कडकच आहे. काही चांगली रॉकेटंही तिच्यात नापास होतात. पण जे पास झालं ते सरळ जाणार. परीक्षा घ्यायची ती वापरणार त्यातली सगळ्यात जड मोटर घालून, कारण जड मोटर गुरुत्वमध्य मागे खेचते.

पॅराशूट भरणं

हे घरी करू नका, मैदानावर, उडवायच्या जरा आधी करा. प्लॅस्टिकचं पॅराशूट तासन् तास घडीत राहिलं, विशेषतः थंडीत, की घडी विसरत नाही.

मोटर घालण्याआधी वॅडिंग. हे न पेटणारे, रसायन लावलेले पातळ कागद. तीन-चार घ्या, हलकेच चुरगळा आणि नळीत सोडा. बोळा ठासायचा नाही, पण नळीच्या भिंतीपाशी फटही राहायला नको. थराची उंची नळीच्या व्यासाच्या दुप्पट असली की पुरे. साधा टिश्यू पेपर वापरू नका, तो पेटतो आणि पेटलेला खाली गवतात पडतो.

पॅराशूट मधोमध चिमटीत धरून उभं सोडा, छत्री मिटल्यासारखं होईल. लांबट निमुळती घडी घाला, एकदा दुमडा, सैलसर गुंडाळा आणि दोऱ्या वरून एक-दोन वेढे. जास्त वेढे म्हणजे उघडायला उशीर. चिकट वाटलं तर टाल्कम पावडर भुरभुरवा. आधी शॉक कॉर्ड आत, मग पॅराशूट, मग नोज कोन.

आता एक छोटी चाचणी, जी फार थोडे लोक करतात. नोज कोन काढा, नळीच्या शेपटीला तोंड लावून जोरात फुंका. पॅराशूट आणि वॅडिंग सरकून बाहेर आले पाहिजेत. तुमच्या फुंकरीने निघालं तर बाराने निघेलच. अडलं तर घडी जाड आहे, पातळ करा. पास झालं की पुन्हा भरा आणि आता मोटर घाला, हूक मोटरच्या कडेवर टक् करून बसला आहे याची खात्री करा.

मैदान आणि वारा

अमेरिकेतल्या राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या सुरक्षा संहितेत मैदानाची लहान बाजू ए मोटरला 30 मीटर, बीला 60, सीला 120 आणि डीला 150 मीटर अशी किमान मापं आहेत. हे किमान आहे. प्रत्यक्षात वारा किती नेईल ते स्वतः मोजा.

पॅराशूटवर रॉकेट सेकंदाला साधारण 4 मीटर उतरतं. ए मोटरवर 60 मीटर वर गेलं तर खाली यायला 15 सेकंद. वारा सेकंदाला 3 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास, असेल तर ते 45 मीटर वाहत जाईल. तेच रॉकेट सी मोटरवर 200 मीटर गेलं तर 50 सेकंद हवेत आणि 150 मीटर लांब. 120 मीटरच्या मैदानाबाहेर, कुणाच्या तरी छपरावर. पहिलं उड्डाण लहान मोटरवर का, ते यातून कळेल. मोठ्या मोटरला पॅराशूटच्या मधे गोल भोक पाडा किंवा त्याच्या जागी लांब रिबन, म्हणजे स्ट्रीमर, लावा. उतरण्याचा वेग वाढतो, वाहणं कमी होतं.

वारा ताशी 32 किलोमीटरच्या वर असेल तर उडवायचंच नाही. पहिल्या वेळी पानं नुसती सळसळत असतील एवढाच बरा. वीजवाहिन्या, उंच झाडं, रहदारीचा रस्ता आणि विमानतळ यांपासून लांब. पॅडभोवतीचं वाळकं गवत काढून टाका.

उड्डाण

रॉड साधारण 3 मिलिमीटर जाड आणि 90 सेंटिमीटर लांब असतो. त्याचं टोक डोळ्याच्या उंचीच्या वर ठेवा किंवा त्यावर टोपण घाला. वाकताना डोळ्यात जाऊ शकतं. रॉड सरळ उभा, वारा असेल तर तो जिकडून येतोय तिकडे चार-पाच अंश कलता. तीस अंशांपलीकडे कधीच नाही. खाली ज्वाळा अडवणारी धातूची थाळी हवी.

इग्नायटर मोटरच्या नोझलमध्ये आत इंधनाला टेकेपर्यंत सरकवा आणि प्लॅस्टिकच्या प्लगने घट्ट करा. तो इंधनाला टेकलेला नसणं, हे रॉकेट न उडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. तारा एकमेकींपासून लांब वाकवा. रॉकेट रॉडवर चढवा, थाळीपासून थोडं वर राहील असं टेकू द्या, आणि कंट्रोलरच्या चिमट्या तारांना लावा. चिमट्या एकमेकींना किंवा थाळीला लागल्या की शॉर्ट.

हे सगळं करत असताना कंट्रोलरची सुरक्षा किल्ली जोडणाऱ्याच्या खिशात असते. कंट्रोलरमध्ये नाही, दुसऱ्या कुणाकडे नाही.

डीपर्यंतच्या मोटरला निदान 5 मीटर, त्याहून मोठीला 9 मीटर मागे या. आकाशात विमान नाही, जवळ कोणी चालत येत नाही, हे बघा. किल्ली घाला, दिवा लागतो का पाहा, सगळ्यांना ऐकू जाईल असं पाचापासून उलटं मोजा आणि बटण दाबून धरा. इग्नायटर तापायला क्षणभर लागतो. लोक बटण लगेच सोडून देतात.

सी6 सारख्या मोटरचं बल पहिल्या पाव सेकंदात सरासरीच्या दुप्पट वर जातं आणि मग खाली येऊन स्थिरावतं. इंधनाच्या मागच्या टोकाला केलेल्या छोट्या खळग्यामुळे सुरुवातीला जळणारा पृष्ठभाग मोठा असतो, त्याचा हा परिणाम. रॉड सोडायच्या आत रॉकेटला वेग मिळावा म्हणूनच ही योजना, कारण हवेत वेग नसेल तर फिन काही कामाचे नाहीत. त्यानंतर बघायचं ते धुराच्या पातळ रेघेकडे: बार झाला तेव्हा रॉकेट वर चाललं होतं, माथ्यावर होतं की नाक खाली करून येत होतं. पुढच्या वेळी शेवटचा आकडा कोणता घ्यायचा ते यावरून ठरतं.

नाही उडालं तर किल्ली काढा आणि 60 सेकंद कुणीही जवळ जायचं नाही. मग बघा. इग्नायटर जळलाय पण मोटर पेटली नाही, तर तो इंधनाला टेकलेला नव्हता. जळलाच नसेल तर चिमट्यांवर काजळी आहे, बॅटऱ्या उतरल्यात किंवा शॉर्ट आहे. चिमट्या पॉलिश पेपरने घासा. अर्ध्याअधिक वेळा तेवढ्यानेच भागतं.

उंची मोजायची तर

पॅडपासून 100 मीटरवर एकाला उभं करा. कोनमापकाला ओळंबा बांधून त्याने माथ्यावरच्या रॉकेटचा जमिनीशी होणारा कोन टिपायचा. उंची म्हणजे 100 गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. 45 अंशाला 100 मीटर, 60 अंशाला 173. डोळ्याची उंची त्यात मिळवा. वाऱ्याने रॉकेट त्याच्याकडे किंवा त्याच्यापासून लांब गेलं तर आकडा फसतो, म्हणून निरीक्षक वाऱ्याच्या काटकोनात उभा करावा.

उतरल्यावर

खाली येणारं रॉकेट झेलायला धावू नका. विजेच्या तारेत अडकलं तर ते गेलं, काठीने काढायला जाऊ नका. सापडलं की मोटरचं रिकामं कवच काढा, ते जरा वेळ गरम असतं, आणि टाकून द्या. पुन्हा भरता येत नाही.

मग फिनच्या मुळाशी नखाने हलकेच दाबून चीर बघा, शॉक कॉर्ड नळीतून ओढून करपली आहे का ते बघा, पॅराशूटला वितळलेली भोकं आहेत का ते बघा. करपलेला कागद किंवा भोकं दिसली तर पुढच्या वेळी वॅडिंग वाढवा. नळीचं तोंड दबलं असेल तर आतून पातळ गोंद लावून गोल करा. शॉक कॉर्ड रबरी असेल तर ती काही उड्डाणांनंतर बदलावीच लागते, तुटण्याआधी बदललेली बरी.

ए मोटरवर दोन-तीन उड्डाणं सरळ झाली आणि बार माथ्याजवळ झाला की बी6-4 घ्या. सी6-5 त्यानंतर, आणि मोठ्या मैदानावर. मोटरी कोरड्या, थंड जागी, मूळ पाकिटातच ठेवा. वारंवार तापून गार झाल्या की आतल्या इंधनाला भेगा पडतात आणि अशी मोटर पेटताच फुटू शकते. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. रॉकेट डब्यात ठेवताना पॅराशूट बाहेर काढून मोकळं पसरून ठेवा.